सिएटल मरिनर्सच्या व्यवस्थापनास खुले पत्र : थर्ड बेसवर कोण उभे राहणार?

प्रति,
श्री. जॉन स्टँटन, अध्यक्ष,
श्री. जेरी डिपोटो, बेसबॉल विभागाचे प्रमुख,
श्री. जस्टिन हॉलंडर, सरव्यवस्थापक,
सिएटल मरिनर्स, सिएटल

दिनांक : 12 जानेवारी 2026

विषय : इनफिल्डमध्ये (बेसांजवळच्या जागांवर) एक भरवशाचा फलंदाज हंगाम सुरू होण्याआधीच आणण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्र मराठीत आहे याचे आपणांस नवल वाटेल, म्हणून आधी तेवढा खुलासा करतो. मी 2001 च्या वसंतात नोकरीसाठी पुण्याहून रेडमंडला आलो. त्याच एप्रिलमध्ये इचिरो सुझुकी आपल्या संघातून पहिल्यांदा मैदानात उतरले होते, आणि गॅलरीत जपानी अक्षरांतले फलक घेऊन बसलेली माणसे पाहताना, परक्या मुलखातल्या खेळाशीही आपल्या भाषेत बोलता येते, हे मला पहिल्यांदा जाणवले. लेक वॉशिंग्टनच्या पूर्वेला बेलव्ह्यू, सॅमामिश, बॉथेल या गावांतून राहणारी आम्ही मराठी मंडळी क्रिकेटवर वाढलेली असलो, तरी गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत आता बुलपेनचीच, म्हणजे राखीव पिचरांच्या (गोलंदाजांच्या) ताफ्याचीच, चर्चा अधिक रंगते. ती चर्चा नीट मांडून आपल्यापुढे ठेवावी, असे गेल्या ऑक्टोबरपासून मनात होते. याचे इंग्रजी करून आपल्या कार्यालयात पोचवण्याचे काम माझ्या मुलाने पत्करले आहे. तो इथेच जन्मला, आणि 2022 च्या शरद ऋतूपर्यंत त्याने आपल्या संघाला प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, एकदाही पाहिले नव्हते.

20 ऑक्टोबर 2025 च्या रात्रीची आठवण आपणांस करून देणे निर्दयपणाचे आहे, पण पुढचे सगळे म्हणणे त्या रात्रीपासूनच सुरू होते. टोरांटोमध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतला सातवा आणि निर्णायक सामना, सातवी इनिंग, आपण 3-1 असे पुढे. आपला पिचर ब्रायन वू याने एकाला चालत बेसवर जाऊ दिले, पुढच्याने फटका मारून बेस गाठला, तिसऱ्याने चेंडू नुसता खाली ठेवून दोघांना पुढे सरकवले आणि स्वतः बाद झाला. वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची मालिका, आठ आउटवर (आणखी आठ जण बाद करण्यावर) होती. त्या वेळी राखीव पिचरांपैकी आंद्रेस मुन्योसला बोलवायचे की एदुआर्द बझार्दोला, यावर सिएटलमध्ये अजून वाद होतात आणि मॅनेजर डॅन विल्सन यांना बोल लावणारे पुष्कळ आहेत. बझार्दो आला, टोरांटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने चेंडू डावीकडच्या प्रेक्षकांत भिरकावला, आणि धावफलक 4-3 झाला. मला मात्र त्या निर्णयापेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त सलते. आपल्या तिन्ही धावा हुलिओ रॉड्रिगेझ, कॅल रॅली आणि जॉश नेलर या तिघांनी जमवल्या होत्या आणि पाचव्या इनिंगनंतर आपल्याला एकही धाव करता आली नाही. सामना पिचरने घालवला असे म्हणणे सोपे आहे. परंतु शेवटच्या चार इनिंगमध्ये एक धाव जोडणारा माणूस खालच्या फळीत नव्हता, हे कोणत्याही पिचरच्या माथी मारता येणार नाही.

श्री. डिपोटो, ऑक्टोबर 2023 मध्ये आपण पत्रकारांपुढे एक हिशेब मांडला होता, की दहा वर्षांच्या काळात सरासरी 54 टक्के सामने जिंकत राहणारा संघ बहुधा वर्ल्ड सिरीज गाठतोच. त्यावरून आपली पुष्कळ थट्टा झाली. त्या थट्टेत मी सामील नाही, कारण गणित म्हणून ते चुकीचे नाही आणि एका वर्षाच्या हव्यासापायी पुढची पाच वर्षे गहाण टाकणारे संघ आम्हीही पाहिले आहेत. मी फक्त बेरीज करून पाहिली. 2021 मध्ये 90 विजय, 2022 मध्ये 90, 2023 मध्ये 88, 2024 मध्ये 85 आणि 2025 मध्ये पुन्हा 90. एकूण 810 सामन्यांत 443 विजय, म्हणजे जवळजवळ 54.7 टक्के. आपण ठरवलेली पातळी गेली पाच वर्षे आपण गाठली आहे, किंबहुना थोडी ओलांडलीही आहे. या पाच वर्षांत प्लेऑफ दोनदा मिळाली. 2023 आणि 2024 मध्ये ती प्रत्येकी एका सामन्याने हुकली. आणि 1977 साली स्थापन झालेला आपला संघ आजही मेजर लीगमधला वर्ल्ड सिरीज कधीच न खेळलेला एकमेव संघ आहे. सरासरी राखली की बाकीचे आपोआप येईल, हे आमच्याकडच्या ‘देवाक काळजी’सारखे झाले. देवाला काळजी असेलही, पण त्याने थर्ड बेसवर कोणाला उभे करायचे ते कळवलेले नाही.

आता या हिवाळ्यातल्या कामाकडे येतो, आणि आधी जे चांगले झाले त्याबद्दल मनापासून आभार मानतो. नोव्हेंबरमध्ये जॉश नेलरशी आपण पाच वर्षांचा, 9 कोटी 25 लाख डॉलरचा करार केला, तेव्हा आमच्या घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. आपण 2015 मध्ये सूत्रे घेतल्यापासून फ्री एजंट (करारातून मोकळ्या झालेल्या) फलंदाजासाठी आपला हात सहसा सैल सुटलेला नाही. त्याआधीचा ठळक अपवाद म्हणजे मिच गार्व्हरचा दोन वर्षांचा करार, आणि त्यातून काय निघाले ते आपण जाणताच. नेलरचे प्रकरण वेगळे आहे. तो येथे खेळून गेलेला, हे मैदान अंगवळणी पडलेला आणि इथे राहायचे आहे असे उघडपणे सांगणारा माणूस आहे. समुद्रसपाटीला असलेल्या, एप्रिलमध्ये थंड आणि दमट हवेने भरलेल्या आपल्या मैदानात चेंडू उडत नाही. बाजू उघड्याच ठेवणाऱ्या त्या सरकत्या छपराने पाऊस अडतो, गारठा नाही. बाहेरचे फलंदाज इथे यायला कचरतात ते याचमुळे. अशा ठिकाणी फक्त होम रनवर (षटकारासारख्या फटक्यावर) जगणारा फलंदाज निम्मा हंगाम उपाशी राहतो, आणि नेलरसारखा, स्ट्राइकआउट (चेंडू बॅटला न लागता बाद) कमी होणारा, चेंडू बॅटला लावून खेळात ठेवणारा फलंदाज टिकतो. शिवाय लीगमधल्या सर्वांत मंद धावणाऱ्यांत मोडणाऱ्या या जाडजूड गृहस्थाने आपल्याकडच्या 54 सामन्यांत 19 बेस चोरले, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पळून पुढचा बेस गाठला! पायांत वेग नसताना पिचरच्या खांद्याकडे पाहून बेस चोरणे ही अक्कल आहे, आणि ती वयाबरोबर लवकर झिजत नाही.

याच नेलरच्या निमित्ताने एक जुना हिशेब मात्र काढावा लागतो. तो आपल्याकडे आला 24 जुलै 2025 रोजी. त्याआधी फर्स्ट बेसवर आपण हंगामाची सुरुवात रौडी टेलेझ आणि डोनोव्हन सोलानो या जोडीने केली होती. टेलेझला जूनमध्येच मोकळे करावे लागले. म्हणजे हंगामाच्या पहिल्या शंभर सामन्यांत फर्स्ट बेसची जागा आपण तात्पुरत्या डागडुजीवर चालवली. टोरांटोचे विजय 94 झाले, आपले 90. सातवा सामना टोरांटोत झाला तो या चार विजयांच्या फरकामुळे. (आपल्या घरच्या तीनपैकी दोन लढती आपणच हरलो, तेव्हा घरचे मैदान मिळाले असते तर काय दिवे लावले असते कोण जाणे, हा टोमणा मी ऐकलेला आहे आणि त्यात तथ्य आहे. तरीही सातवा सामना आपल्या लोकांसमोर होणे आणि त्यांच्या लोकांसमोर होणे यांत फरक नाही, असे कोणी खेळाडू म्हणणार नाही.) एप्रिलमध्ये मिळालेला विजय सप्टेंबरातल्या विजयाइतकाच मोलाचा असतो, पण आपल्याकडे मोठी खरेदी जुलैअखेरच्या खेळाडू-अदलाबदलीच्या बाजारातच करायची जुनी सवय आहे. या पत्राचा सगळा आग्रह त्या सवयीविरुद्ध आहे.

आपला इनफिल्डर होर्हे पोलांको गेला. दोन वर्षांसाठी 4 कोटी डॉलर देऊन न्यूयॉर्क मेट्सने त्याला नेले. तो बत्तिशीचा आहे, 2024 च्या अखेरीस त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि वर्षाला 2 कोटी डॉलर या भावाने आपण त्याला ठेवले नाही, यात मला आपली चूक दिसत नाही. तरीही तो काय होता, हे एकदा लिहून ठेवले पाहिजे, कारण रिकाम्या जागेचे माप त्यावरूनच मिळते. 2025 मध्ये त्याने 26 होम रन मारल्या. प्लेऑफमधल्या डेट्रॉइटविरुद्धच्या मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात, त्या काळात ज्याच्यापुढे भल्याभल्यांची बॅट चालत नव्हती त्या पिचर तारिक स्कुबलचा चेंडू त्याने एकाच संध्याकाळी दोनदा मैदानाबाहेर धाडला. त्याच मालिकेच्या पाचव्या सामन्यात पंधराव्या इनिंगमध्ये, सामन्याला पाच तास होत आलेले असताना, विजयी धाव आणणारा फटका त्याचाच. तेव्हा माझे वडील पुण्याहून आलेले होते. बेसबॉल त्यांना कळत नाही, पण चेंडू उजवीकडे जमिनीलगत पळाला आणि चाळीस हजारांवर माणसे उठली, तेव्हा ते म्हणाले, “हा मनुष्य घाईत नव्हता.” पोलांकोच्या बॅटिंगचे याहून नेमके वर्णन मी कोठे वाचलेले नाही. उजव्या-डाव्या दोन्ही हातांनी खेळणारा, दोन स्ट्राइक झाल्यावर फटका आखडून घेणारा, आणि मधल्या फळीत येऊन समोरच्या पिचरला श्वास न घेऊ देणारा असा तो फलंदाज होता. त्या जागेवर आज कोणाचेही नाव नाही.

कोल यंग आहे, असे आपण म्हणाल. बेन विल्यमसन आहे, आणि वर्षभरात कोल्ट एमरसन येईल. या तिन्ही मुलांबद्दल मला माया आहे. यंग मे महिन्याच्या शेवटी आला तेव्हापासून त्याची चिकाटी आम्ही पाहिली आहे, आणि विल्यमसनचे थर्ड बेसवरचे हात पाहताना तर तिकिटाचे पैसे तिथेच वसूल होतात. पण यंगची पहिल्या वर्षीची सरासरी (हजार प्रयत्नांत यशस्वी फटके) दोनशे अकराच्या आसपास राहिली, विल्यमसनची बॅट त्याच्या ग्लोव्हच्या जवळपासही फिरकत नाही, आणि एमरसन अवघा वीस वर्षांचा आहे. तिघांपैकी एकाला मुख्य जागा देऊन त्याला चुकायला, शिकायला वाव देणे हे शहाणपणाचे आहे. सेकंड आणि थर्ड अशा दोन्ही जागा एकाच वेळी शिकाऊ हातांत सोपवणे, तेही वर्ल्ड सिरीजपासून आठ आउटवर थांबलेल्या संघाने, हे शहाणपणाचे नाही. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत नवख्याला वाढायला उभे करतात, पण त्याच्या हाती मिठाचे आणि लोणच्याचे ताट देतात; वरणाची बादली देत नाहीत.

मग गेल्या हंगामात आपल्याच थर्ड बेसवर असलेल्या एउहेनियो सुआरेझला परत आणा, असे शहरातला प्रत्येक दुसरा माणूस म्हणतो, आणि हे पत्र लिहीपर्यंत तो मोकळाही आहे. या एका प्रश्नावर माझे मन आणि डोके यांची गाठ पडत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये, त्या 54 टक्क्यांच्या भाषणानंतर दोन महिन्यांच्या आतच, आपण त्याला ॲरिझोनाला देऊन टाकले, तेव्हा ते पैसे वाचवण्यासाठी होते हे कोणालाही सांगावे लागले नाही. जुलै 2025 मध्ये त्याला परत आणण्यासाठी आपल्याला तीन खेळाडू द्यावे लागले. आणि मग टोरांटोविरुद्ध पाचव्या सामन्यात, आठव्या इनिंगमध्ये रॅलीने बरोबरी साधल्यावर, सगळे बेस भरलेले असताना याच सुआरेझने मारलेली ती होम रन! त्या क्षणी मैदानात असलेला कोणीही, आयुष्यात पुन्हा कधी त्या माणसाविरुद्ध शब्द काढणार नाही.

मला मात्र काढावा लागतो आहे. 2025 च्या 49 होम रनपैकी 13 त्याने आपल्याकडे मारल्या, पण सिएटलसाठी खेळताना त्याची सरासरी दोनशेच्या खाली होती, आणि वर्षभरात तो 196 वेळा स्ट्राइकआउट झाला. येत्या जुलैत तो पस्तिशीत पोचेल. याहून मोठी अडचण जागेची आहे. सुआरेझ थर्ड बेसवर खेळेल किंवा डेझिग्नेटेड हिटर (क्षेत्ररक्षण न करता फक्त बॅटिंग करणारा) म्हणून, आणि वय पाहता दुसरीच शक्यता वाढत जाईल. ती दुसरी जागा आपण कोणालाही कायमची देऊन चालणार नाही, कारण ती आपला कॅचर, म्हणजे बेसबॉलचा यष्टिरक्षक, कॅल रॅली याची विसाव्याची जागा आहे.

रॅलीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या हिवाळ्यातली उरलेली गरज मोजताना लोक त्याला जमेस धरतात आणि पुढे जातात. गेल्या वर्षी त्याने 60 होम रन मारल्या. कॅचरने एका हंगामात मारलेल्या होम रनचा आधीचा विक्रम 48 होता. दोन्ही हातांनी खेळणाऱ्या फलंदाजाचा विक्रम मिकी मँटलच्या नावावर, 54 चा. आणि आपल्या संघाचा केन ग्रिफी ज्युनिअरच्या नावावर, 56 चा. तिन्ही एकाच मोसमात मोडले. हे त्याने केले ते 162 पैकी 159 सामन्यांत उतरून, आणि त्यातल्या बहुतेक सामन्यांत कॅचर म्हणून गुडघ्यांवर बसून. पुढे प्लेऑफचे बारा सामने, त्यात एक पंधरा इनिंगचा. यंदा मार्चमध्ये तो अमेरिकेसाठी वर्ल्ड बेसबॉल क्लासिक ही देशादेशांतली स्पर्धा खेळणार आहे. राखीव कॅचर गार्व्हर गेला आहे, तरुण कॅचर हॅरी फोर्डला आपण वॉशिंग्टन डी. सी. ला पाठवले आहे. राखीव कॅचर म्हणून जो घेतला आहे तो अनुभवी असला तरी रोज बॅटिंग करून सामना फिरवणारा नाही. म्हणून रॅलीला आठवड्यातून दोन दिवस गुडघ्यांना आराम आणि बॅटला काम द्यायचे, तर डेझिग्नेटेड हिटरची जागा मोकळी राहिली पाहिजे. यावरून जो माणूस आणायचा त्याचे वर्णन आपोआप तयार होते : सेकंड, थर्ड आणि वेळ पडल्यास आउटफिल्ड सांभाळणारा, स्ट्राइकआउट कमी होणारा, पोलांकोच्या जागी बॅटिंग करू शकणारा.

असा माणूस फ्री एजंटांच्या बाजारात आता जवळपास उरलेला नाही. जपानमधून आलेल्या दोघांकडे आमच्यासारख्यांचे डोळे लागले होते, कारण इचिरोच्या आणि एकेकाळी निन्टेन्डोची मालकी असलेल्या या संघाकडे जपानी खेळाडूंचा ओढा असतो अशी आमची भाबडी समजूत होती. मुनेताका मुराकामी दोन वर्षांच्या करारावर शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेला. त्याच्या स्ट्राइकआउटचे प्रमाण पाहता त्याचे दुःख नाही. काझुमा ओकामोतो मात्र चार वर्षांसाठी, 6 कोटी डॉलरवर, नेमका टोरांटोला मिळाला. ज्या संघाने आपल्याला घरी पाठवले त्याने स्वतःचा थर्ड बेस भरून घेतला आणि आपला अजून रिकामा आहे.

उरतो तो ट्रेडचा, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचा, मार्ग. ॲरिझोनाच्या केटेल मार्टेचे नाव हिवाळाभर कानावर येते आहे. तो उत्तम फलंदाज आहे यात वाद नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये तो आपल्याच संघातून ॲरिझोनाला गेला होता, हा सल वेगळाच. पण त्याच्यासाठी ॲरिझोना आपल्या मुख्य पिचरांपैकी एक मागेल, आणि तो आपण देऊ नये. माझी विनंती सेंट लुइसच्या ब्रेंडन डोनोव्हनविषयी आहे. डावखुरा फलंदाज, 2025 चा ऑल-स्टार, सरासरी 287, स्ट्राइकआउटचे प्रमाण लीगच्या सरासरीपेक्षा कितीतरी कमी. पहिल्याच वर्षी अनेक जागा सांभाळल्याबद्दल गोल्ड ग्लोव्ह मिळवलेला. आणि करार-नियमांनुसार अजून दोन वर्षे संघाच्या ताब्यात राहणारा. सेंट लुइसने सनी ग्रे आणि विल्सन काँत्रेरास यांना बॉस्टनला देऊन आपण संघ नव्याने बांधत आहोत हे जाहीरच केले आहे. त्यांना आज जिंकणारे खेळाडू नकोत, चार वर्षांनी जिंकणारे हवेत. आपल्याला नेमके उलटे हवे आहे. असा योग रोज येत नाही.

द्यायचे काय, हा खरा प्रश्न. आपल्या कनिष्ठ संघांची कोठी भरलेली आहे. त्यात जुरँगेलो सेंजा हा दोन्ही हातांनी पिचिंग करणारा तरुण आहे. आम्हा मराठी लोकांना अशा माणसासाठी वेगळा शब्द शोधावा लागत नाही, महाभारताने तो अर्जुनाला देऊन ठेवला आहे : सव्यसाची. त्याला मेजर लीगमध्ये पाहण्याची उत्सुकता माझ्याइतकी क्वचितच कोणाला असेल, आणि तरीही त्याला आणि सोबत एखाद्या होतकरू आउटफिल्डरला देऊन डोनोव्हन येत असेल, तर देऊन टाकावे असे मी म्हणतो. एमरसनला हात लावू नये. गेल्या वर्षी ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) तिसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या केड अँडरसनलाही नाही. पण कोठीत ठेवलेले धान्य पेरायचे तरी असते किंवा दळायचे तरी. नुसते राखून ठेवले तर त्याला कीड लागते.

मुख्य पिचर देऊ नयेत असे म्हणण्याचे कारण गेल्या वर्षीचा वसंत. लोगन गिल्बर्ट, जॉर्ज कर्बी आणि ब्राइस मिलर एकाच सुमारास दुखापतींमुळे बाहेर होते, आणि पाच जणांची जी फळी साऱ्या लीगला हेवा वाटण्यासारखी होती ती पाहता पाहता दोघांवर आली. सप्टेंबरात वूच्या छातीचा स्नायू दुखावला. पाच म्हणजे पाच नव्हेत, हे तेव्हा कळले. गिल्बर्ट, कर्बी, मिलर, वू हे चौघेही आपण ड्राफ्टमधून निवडून इथेच घडवलेले आहेत, आणि अशी फळी घडवणे हे आपल्या विभागाचे खरे यश आहे. पैशाच्या राशी ओतणाऱ्या संघांनाही ते जमलेले नाही. परंतु या यशाला मुदत आहे. गिल्बर्ट 2027 च्या अखेरीस मोकळा होईल, कर्बी त्याच्या पुढच्या वर्षी. लुइस कास्तियोचा करारही 2027 पर्यंतच. शॉर्टस्टॉप जे. पी. क्रॉफर्ड आणि रँडी अरोझारेना यांचे तर हेच शेवटचे वर्ष. आणि 1 डिसेंबर 2026 रोजी मालक व खेळाडू यांच्यातला सामूहिक करार संपतो. त्यानंतरचा हंगाम कसा, केव्हा सुरू होईल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. दहा वर्षांच्या सरासरीची भाषा बोलायला हरकत नाही, पण या संघाकडे दहा वर्षे नाहीत. निश्चित म्हणावे असे एक वर्ष आहे.

बुलपेनबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे आपण काम केले आहे. गेब स्पायर सोडला तर भरवशाचा डावखुरा नव्हता. होसे फेरर आल्याने तो प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. फोर्डसारखा कॅचर देऊन सातव्या-आठव्या इनिंगचा पिचर घेतला म्हणून आमच्यापैकी काही जण हळहळले. पण रॅलीचा सहा वर्षांचा, साडेदहा कोटी डॉलरचा करार असताना फोर्ड खेळणार तरी कोठे होता? ताशी 97-98 मैल वेगाने येऊन खाली बुडणारा, फलंदाजाला चेंडू जमिनीवरच मारायला लावणारा डावखुरा पिचर पुढची काही वर्षे ताब्यात राहतो, हा सौदा मला पटला. आउटफिल्डसाठी रॉब रेफस्नायडरला एका वर्षासाठी 62 लाख 50 हजार डॉलरवर घेतले तेही योग्यच. डावखुऱ्या पिचरपुढे आपली बॅट नेहमी बोथट होते, आणि त्याची तिथेच धारदार होते.

श्री. स्टँटन, शेवटचा परिच्छेद आपल्यासाठी, कारण पैशाची परवानगी आपल्याकडून येते. डोनोव्हनचा पगार नेलरच्या निम्म्यापेक्षाही कमी राहील. इथे डॉजर्ससारखी तिजोरी उघडण्याचा प्रश्नच नाही. पण ट्रेडमध्ये ज्या संघाला आपले होतकरू खेळाडू द्यायचे नसतात, त्याला पैसे द्यावे लागतात, आणि ज्याला पैसे द्यायचे नसतात, त्याला खेळाडू; दोन्ही राखून ठेवणाऱ्याला जुलैची वाट पाहावी लागते. फेब्रुवारीच्या मध्यावर ॲरिझोनातल्या पिओरियामध्ये पिचर आणि कॅचर सरावाला जमतील. त्यांच्या पाठोपाठ इनफिल्डर येतील, तेव्हा थर्ड बेसवर कोण उभे आहे ते आम्ही बॉथेलमधून पाहणार आहोत. ऑगस्टमध्ये नव्हे, त्या दिवशी तिथे तो माणूस असावा, एवढीच विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
2001 पासूनचा एक मराठी मरिनर्सप्रेमी
बॉथेल, वॉशिंग्टन

ता. क. : माजी पिचर रँडी जॉन्सन यांचाही 51 हा जर्सी क्रमांक यंदा निवृत्त होणार असल्याचे वाचले. इचिरो यांच्या समारंभाला आम्ही दोन गाड्या भरून आलो होतो. या वेळी तीन येतील. पण त्या दिवशीच्या सामन्यात पोलांकोच्या जागी कोण खेळतो, यावर परतीच्या वाटेवरचे बोलणे अवलंबून राहील.